पेशी बसेनात तेव्हा: टीसी-ट्रीटेड फ्लास्क सहा महिने वापरून

पेशी वाढवायच्या फ्लास्कच्या खोक्यावर 'स्टराइल' लिहिलं होतं, 'पॉलिस्टायरीन' लिहिलं होतं, '२५ चौरस सेंटिमीटर' लिहिलं होतं. 'टीसी-ट्रीटेड', म्हणजे 'टिश्यू कल्चर ट्रीटेड', पेशी चिकटाव्यात म्हणून आतून प्रक्रिया केलेलं, एवढंच कुठे नव्हतं. ते नाही हे माझ्या लक्षात यायला साडेतीन आठवडे लागले.

मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवते आणि तिथली पेशी-संवर्धनाची खोली सांभाळते. एक लॅमिनार (जंतुमुक्त हवेचं कपाट), एक इनक्युबेटर, एक उलटा सूक्ष्मदर्शक आणि मार्चआधी संपवायचं ठरावीक बजेट. मिरज, कराड, विटा, तासगाव इथल्या कॉलेजांत अशाच खोल्या आहेत आणि तिथेही फ्लास्क मागवताना कोटेशनमधला सगळ्यात खालचा आकडाच निवडावा लागतो. त्यांच्यासाठी हे लिहितेय. स्वस्त आणि महाग असे दोन फ्लास्क आम्ही वापरले, त्या दोन्ही कंपन्यांची आणि विक्रेत्याची नावं देत नाही. एका लॉटवरून कुणाचं नाव खराब करायचं नाही. शिवाय नाव पाठ करण्यापेक्षा खोकं आल्यावर दहा मिनिटांत ते तपासायचं कसं, हे कळलेलं जास्त उपयोगी पडेल.

पहिलं खोकं डिसेंबरात आलं. साठ रुपयांना एक फ्लास्क. आधीच्या वर्षी आम्ही एकशे दहाचे वापरले होते. विक्रेत्याला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, मटेरियल सेमच असतंय." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मटेरियल सेमच होतं.

प्रकल्प एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीचा. इथल्या हळदीचा अर्क पेशींना किती प्रमाणात सोसतो, एवढाच साधा प्रश्न. पेशी ३टी३, उंदराच्या फायब्रोब्लास्ट (जोडऊतकातल्या पेशी), पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या. पोरगी तासगावजवळच्या गावातून रोज सकाळच्या एसटीने यायची. सीडिंग केलं, म्हणजे पेशी फ्लास्कमध्ये सोडल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, बसंना झाल्यात ह्या."

मी डोळा लावला. पेशी गोल, चकचकीत, पाच-दहाच्या झुबक्यांनी मीडियात, म्हणजे पोषक द्रवात, तरंगत होत्या. चोवीस तासांत ३टी३ तळाला चिकटून, चपट्या होऊन, हातपाय ताणून बसलेल्या दिसायला हव्यात. इथे तळ जवळजवळ मोकळा होता.

पुढचे साडेतीन आठवडे आम्ही चुकीच्या दिशेने शोधत होतो. इनक्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड तपासला, ५ टक्के बरोबर. तापमान ३७, बरोबर. रात्री वीज गेल्याची नोंद पाहिली. मग मीडियात घालायच्या सिरमवर (रक्तातला प्रथिनांचा द्रव) संशय घेतला आणि १०० मिलिलिटरची नवी बाटली मागवली, सात हजारांच्या वर गेली. तरी तेच. शेवटी मी तिला दोनदा सुनावलं की पेशी तळापासून सोडवायचं तुझं ट्रिप्सिन जास्त वेळ राहतंय, तू पेशींची साल काढतेस. ते चुकीचं होतं. तिचा हात स्वच्छ होता. मी तिची माफी मागितली आहे आणि ती इथेही लिहून ठेवते, कारण असं बोलणं ऐकून मुलं हे काम सोडून देतात.

उत्तर तिनेच शोधलं. मीडिया वाचवायचा म्हणून ती पाचऐवजी तीन मिलिलिटर घालायची. फ्लास्क तिरपा करून परत आडवा ठेवला की एका कोपऱ्यात कोरडा तुकडा राहायचा. द्रव तिथे पसरायचाच नाही, कडा गोल करून मागे सरायचा. जुन्या महागड्या फ्लास्कमध्ये तेवढाच मीडिया सगळा तळ झाकायचा. ती म्हणाली, "डिपिंग न केलेल्या मण्यावरनं पाणी असंच पळतंय बघा."

तिच्या घरी बेदाणा होतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा बारीक थर असतो. त्याच्यामुळे बाहेरचं पाणी मण्यावर टिकत नाही आणि आतलं पाणी लवकर बाहेर येत नाही. म्हणून शेडवर टाकण्याआधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. मेणाचा थर मोडतो आणि मणी झपाट्याने वाळतो. आतली साखर तीच, गर तोच. बदलते ती साल. फ्लास्कचं अगदी हेच आहे. पॉलिस्टायरीन मुळात पाण्याला दूर ठेवणारं प्लास्टिक. टीसी-ट्रीटेड म्हणजे त्याच प्लास्टिकच्या आतल्या बाजूवर कोरोना डिस्चार्ज (हवेतला विजेचा झोत) किंवा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) फिरवलेला असतो. त्याने अगदी वरच्या काही नॅनोमीटरमध्ये ऑक्सिजनवाले गट येतात: हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल. पृष्ठभागावर थोडा ऋणभार येतो आणि पाणी त्यावर पसरायला लागतं. डोळ्याला काहीही फरक दिसत नाही. दोन फ्लास्क शेजारी ठेवले तर मलाही ओळखता येणार नाहीत.

थेंबाने मात्र ओळखता येतात. दोन्ही खोक्यांतला एकेक फ्लास्क आम्ही कापला, तळ सपाट ठेवला आणि मायक्रोपिपेटने १० मायक्रोलिटर शुद्ध पाण्याचे दोन-दोन थेंब ठेवले. मोबाइल तळाच्या पातळीत धरून बाजूने फोटो काढले, मोठे करून छापले आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने थेंबाच्या कडेचा कोन मोजला. साठवाल्या फ्लास्कवर ८६ आणि ८८ अंश. एकशे दहावाल्यावर ५५ आणि ५८. साध्या पॉलिस्टायरीनचा कोन नव्वदच्या आसपास असतो, म्हणजे पहिलं खोकं कोरंच होतं, बॅक्टेरियाच्या पेट्री डिशसारखं. बॅक्टेरियाला ते चालतं, आगरवर वाढणाऱ्याला प्लास्टिकशी काय देणंघेणं. अळवावरचं पाणी आपण लहानपणापासून बघतो, शाळेत त्याचा वाक्प्रचारही पाठ करतो. तीच गोष्ट कोनमापकाने मोजायची असते हे मात्र मी स्वतः एम.एस्सी.ला कुणाकडून ऐकलं नव्हतं.

पाणी पसरण्याचा आणि पेशी बसण्याचा संबंध काय, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी पंगतीचं उदाहरण देते. पेशी प्लास्टिकला थेट हात लावतच नाही. मीडिया ओतला की तिच्या कितीतरी आधी सिरममधली प्रथिनं तळावर जाऊन बसतात. सगळ्यात आधी अल्ब्युमिन, कारण ते लहान आणि संख्येने सगळ्यांत जास्त. त्याच्या मागून फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन येतात. ती थोडी, पण पेशीला हवी असतात तीच. ट्रीटेड पृष्ठभागावर अल्ब्युमिन टेकलेलं असतं, ठाण मांडून नसतं, त्यामुळे नंतर आलेल्यांना जागा करून देतं. प्रथिनांच्या या उठबशीला लिओ व्रोमन यांच्या नावावरून व्रोमन परिणाम म्हणतात. कोऱ्या, पाण्याला नको म्हणणाऱ्या प्लास्टिकवर तेच अल्ब्युमिन उलगडून पसरतं, घट्ट चिकटतं आणि उठायचं नाव घेत नाही. फायब्रोनेक्टिनला जागा मिळाली तरी ते अशा मोडक्या अवस्थेत बसतं की पेशीला जे टोक धरायचं असतं ते नीट पुढे येत नाही.

ते टोक म्हणजे तीन अमिनो आम्लांचा तुकडा: आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल. पियर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी तो १९८४ मध्ये दाखवून दिला. एवढं मोठं फायब्रोनेक्टिन, आणि पेशीचे इंटेग्रिन नावाचे हात मुख्यतः या तिघांना ओळखतात. पकड बसली की आतला सांगाडा ताणला जातो, पेशी पसरते. पकड नाही तर गोलच राहते.

आणि गोल राहिलेली ही पेशी वाढत नाही. आमच्या साठ रुपयांच्या फ्लास्कमध्ये खरं नुकसान इथे झालं. मला वाटत होतं की चिकटल्या नाहीत तरी मीडियात दोन-तीन पिढ्या तरी होतील, मोजता येतील. १९७८ मध्ये फोकमन आणि मोस्कोना यांनी याच प्लास्टिकवर पॉली-हेमा या पाणीदार जेलचे कमी-जास्त जाडीचे थर देऊन पेशींना कमी-जास्त पसरू दिलं आणि मोजलं. जितकी पेशी चपटी, तितकी तिची डीएनए बनवण्याची गती जास्त. अन्न तेच, सिरम तेच. १९९७ मध्ये चेन, इंगबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रोनेक्टिनची छोटी-मोठी बेटं छापून त्यावर पेशी बसवल्या. मोठ्या बेटावर पसरलेली पेशी वाढली, लहान बेटावर आखडलेली मेली. हे वाचल्यापासून मी पृष्ठभागाला 'भांडं' म्हणणं सोडलं आहे. तो मीडियाइतकाच प्रयोगाचा भाग आहे.

मग फेब्रुवारीत एकशे दहाचे फ्लास्क परत मागवले. दोन्ही प्रकारांत दीड-दीड लाख पेशी टाकल्या आणि ७२ तासांनी ट्रिपॅन ब्लूने मोजल्या, त्याने मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. ट्रीटेडमध्ये ९ लाखांच्या थोड्या वर. कोऱ्यात तळाच्या आणि तरंगत्या मिळून सव्वा लाख, त्यातल्या बऱ्याच निळ्या पडलेल्या. विद्यार्थिनीने आकडे वहीत लिहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही. तिचा महिना गेला होता.

आता या एकशे दहाच्या फ्लास्कबद्दल. तळ सपाट आहे, पेशी एका कडेला गोळा होत नाहीत. स्वस्तातल्या काही फ्लास्कना मधे किंचित फुगवटा असतो आणि सगळी वस्ती कडेने कडं करून बसते, तसं इथे एकदाही झालं नाही. प्लास्टिक स्वच्छ आहे, फेज कॉन्ट्रास्टमध्ये साचाचे ओरखडे दिसत नाहीत. मान तिरकी असल्याने पिपेट थेट तळाच्या कोपऱ्यापर्यंत जाते. फिल्टरचं झाकण घेतलं, हवा आत जावी म्हणून ते पाव वळसा सैल करायची भानगड उरत नाही आणि नवी मुलं झाकण विसरली तरी चालतं. तक्रार दोन गोष्टींची: दहाच्या पाकिटाची शिवण एकदा उघडी निघाली, ते पाकीट टाकावं लागलं, आणि खुणांची शाई ७० टक्के अल्कोहोलने पुसली जाते, म्हणून तारीख मार्करने झाकणावर लिहा.

पेशी चार तासांत बसायला लागतात, रात्रीतून पसरतात, तिसऱ्या दिवशी पॅसेजला, म्हणजे नव्या फ्लास्कमध्ये हलवायला, येतात. ट्रिप्सिनने दोन-तीन मिनिटांत सुटतात. पहिल्यांदा चिकटणं आणि हवं तेव्हा सुटणं, दोन्ही नीट.

आता सांगलीचा उन्हाळा. याबद्दल कॅटलॉगमध्ये काही नसतं. ट्रीटमेंट कायमची नसते. वरच्या थरातल्या साखळ्या हळूहळू वळतात, पाणी ओढणारे गट आत जातात आणि पृष्ठभाग परत आपल्या मूळ स्वभावाकडे सरकतो. उष्णतेने हे लवकर होतं. आमचं भांडारघर पत्र्याखाली आहे, एप्रिल-मेमध्ये तिथे दुपारी हात ठेववत नाही. मागच्या वर्षीचं एक बंद पाकीट तिथे राहिलं होतं. जूनमध्ये थेंब ठेवला तर कोन ६८. पेशी बसल्या, पण पसरायला जवळजवळ दुप्पट वेळ घेतला. मुदत संपायला अजून दीड वर्ष होतं. तेव्हापासून खोकी इनक्युबेटरच्या खोलीत, खालच्या फळीवर, मूळ पाकिटात ठेवतो. कोळशासारखं तापणाऱ्या भांडारात ठेवायची असतील तर वर्षभराचा साठा घेऊच नका, तिमाहीचा घ्या.

विक्रेते आता आणखी एक शब्द वापरतात: 'सुपर हायड्रोफिलिक'. ऐकायला वाटतं, ५५ अंश चांगला तर १० अंश त्याहून चांगला. तसं नाही. पाण्याला अति जवळ करणाऱ्या पृष्ठभागावर पाण्याचाच थर बसतो, प्रथिनांना बसायला जागा मिळत नाही आणि त्यामुळे पेशीलाही नाही. फोकमन-मोस्कोना यांनी वापरलेलं पॉली-हेमा हे त्याच कुळातलं. विख्तर्ले आणि लिम यांनी १९६० मध्ये मांडलेला हा पाणीदार जेल, ज्यातून पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. लेन्सवर पेशी बसू नयेत हेच तिथे हवं असतं. पेशी वाढवायच्या तर मधला पृष्ठभाग लागतो, प्रथिनं बसतील पण आपला आकार सोडणार नाहीत असा. म्हणून खरेदीच्या पत्रात 'हायड्रोफिलिक' नव्हे, 'टिश्यू कल्चर ट्रीटेड' लिहा आणि लॉटचं प्रमाणपत्र मागा.

कोरे फ्लास्क पडून आहेत म्हणून आम्ही ०.१ टक्का जिलेटिनचा लेपही देऊन पाहिला, अर्धा तास ठेवून. पेशी बसल्या, वर्गात दाखवायला पुरेसं झालं. पण दोनदा बफरने धुतल्यावर चादरीसारख्या निघून आल्या, मोजणी भरवशाची राहिली नाही. पैशाची अगदीच अडचण असेल तर प्रात्यक्षिकापुरतं करा, प्रबंधातल्या आकड्यांसाठी नको.

मिरजेच्या एका दंतवैद्य मैत्रिणीने विचारलं की याच फ्लास्कमध्ये मूळपेशी वाढवल्या तर त्या हाडाकडे जातील का. तिला मी सांगितलं ते इथेही सांगते: रासायनिक पृष्ठभाग ही अर्धीच गोष्ट. हे प्लास्टिक शरीराच्या मानाने दगड आहे, याचा कडकपणा गिगापास्कलमध्ये मोजतात, मऊ ऊतींचा किलोपास्कलमध्ये. एंग्लर, डिशर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की मेंदूइतक्या मऊ जेलवर याच मूळपेशी चेतापेशींच्या वळणावर जातात, स्नायूइतक्यावर स्नायूच्या, आणि २५ ते ४० किलोपास्कलच्या कडक जेलवर हाडाच्या. फ्लास्कमधलं निरीक्षण फ्लास्कमधलंच समजावं. तिने जेलचा वेगळा संच मागवला, त्याचा अनुभव तीच लिहील.

हे सगळं चालू असताना मार्चमध्ये माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ॲक्रिलिकचं भिंग दाखवलं आणि कडेकडे बोट करून म्हणाले, ही कड चौकोनी ठेवलेली असते, म्हणजे पेशी सरकत भिंगाच्या मागे येत नाहीत आणि तिथला पडदा परत धुरकट होत नाही. रिडली नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी १९४९ मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं तेव्हा त्यांनी ॲक्रिलिकच निवडलं होतं, कारण वैमानिकांच्या डोळ्यात घुसलेले कॉकपिटच्या छताचे तुकडे डोळा निमूट सोसतो हे त्यांनी पाहिलं होतं. मी माझ्या फ्लास्कमध्ये पेशी बसाव्यात म्हणून धडपडत होते आणि आईच्या डोळ्यात त्या बसू नयेत म्हणून कुणीतरी कड चौकोनी ठेवली होती. त्या दिवशी मिरजेहून परतताना मी रिक्षात त्या कडेबद्दलच विचार करत होते.

ट्रीटेड फ्लास्क घ्या, असंच मी सांगेन. पन्नास रुपयांचा फरक एका फ्लास्कला मोठा वाटतो. आमच्या पन्नास फ्लास्कच्या खोक्यात वाचले अडीच हजार, आणि गेली सात हजारांची सिरमची बाटली, मीडिया आणि एका मुलीचा महिना. विक्रेत्याने सामान परत घ्यायला नकार दिला. खोक्यावर जे लिहिलंय तेच दिलंय, असं त्याचं म्हणणं, आणि कागदावर ते खरं आहे. म्हणून नवीन लॉट आला की सही करण्याआधी एक फ्लास्क कापा, थेंब ठेवा, कोन मोजा, मगच बिल पास करा. आमच्याकडे आता भांडाराच्या नोंदवहीत 'कोन' असा एक रकाना आहे. शिपायानेही मोजायला शिकून घेतलं आहे.

विद्यार्थिनीचा प्रकल्प मेअखेर पूर्ण झाला, एक महिना उशिरा, पण तिच्या हातून. तिने प्रबंधाला एक जोडपान लावलं आहे, थेंबांच्या चार फोटोंचं.

कोरे फ्लास्क अजून चौतीस शिल्लक आहेत. पेशी त्यात बसत नाहीत, झुबके करतात, आणि ट्यूमरच्या कामात लोकांना असे गोळे मुद्दाम हवे असतात. तळाला ॲगॅरोजचा (आगरच्या कुळातला जेल) पातळ थर दिला तर गोळे आणखी नेटके होतात, आम्ही हेला या माणसाच्या कर्करोगाच्या पेशींवर करून पाहिलं. जवळपासच्या कुठल्या कॉलेजला त्यासाठी हवे असतील तर विभागात येऊन घेऊन जा. पैसे नकोत. खोक्यावर मी लाल मार्करने मोठ्या अक्षरात 'ट्रीटेड नाही' लिहून ठेवलं आहे.